उजव्या दाराचे सात मिलिमीटर

माझ्या नवऱ्याला जालन्यात सगळे ‘ट्रॉलीवाले राजानंद’ म्हणतात, आणि त्यांनी ट्रॉल्याच करत राहावं असं माझं स्पष्ट मत होतं. अंबड रोडला आमचं घर, घरापुढे पत्र्याचं शेड. त्या शेडातून बावीस वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बाहेर पडतायत, आणि एकही वाकडी चालते अशी तक्रार आलेली नाही. वडीगोद्रीहून लोक येतात, महिना महिना ताटकळतात, पण दुसरीकडे जात नाहीत. हे ऐकायला बरं वाटतं. अशा माणसाबरोबर संसार करणं वेगळं. आमच्या लग्नाचा फोटो भिंतीवर लावताना यांनी गवंड्यासारखा दोरीला वजन बांधून ओळंबा सोडला होता. मी खिळा हातात धरून पाऊण तास स्टुलावर उभी होते.

गेल्या उन्हाळ्यात अप्पारावांनी ती गाडी टेम्पोत घालून आणली. अप्पाराव नवीन जालन्यात राहतात, बियाण्याच्या कंपनीतून रिटायर झालेत, सत्तरीला टेकलेत. गाडी दोन सीटची, बुटकी, लांब नाकाची, साठ वर्षांपूर्वीची इंग्रजी स्पोर्ट्स गाडी. कुठल्याशा गोडाऊनमध्ये गंजत पडली होती. उजवं दार तर निखळलेलं, वेगळं पोत्यात गुंडाळून आलं.

“राजानंद, बाकीचे नुसता रंग मारून देतील,” अप्पाराव म्हणाले. “मला गाडी सरळ पाहिजे.”

‘सरळ’ हा शब्द या माणसापुढे काढायचाच नसतो. त्या दिवशी जेवताना हे म्हणाले, “ट्रॉली काय, कुणीबी करतं. ही गाडी रस्त्यावर धावली तर माझ्या हाताचं नाव राहील.” एवढं मोठं वाक्य त्यांनी जेवताना कधी बोललेलं मला आठवत नाही.

मग सुरू झालं मोजमाप. वरची बॉडी उचलून बाजूला ठेवली, खालची चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, चार ठोकळ्यांवर चढवली. चासीच्या प्रत्येक भोकातून ओळंबा खाली सोडायचा, जमिनीवर खडूची फुली मारायची, आणि फुलीपासून फुलीपर्यंत टेप लावायचा. समोरासमोर, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका. दोन्ही तिरकी मापं सारखी आली तर चासी सरळ. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो, आणि घरात फुकटचा माणूस एकच. मी ब्लाउज शिवते. मशीनवर बाही अर्धी सोडून उठायचं, फुलीवर टोक दाबून उकिडवं बसायचं, आणि वर ऐकून घ्यायचं, “ताण! सैल सोडू नको! हलली बघ!” मी हलले नव्हते. गुडघे हलले असतील.

चासी सरळ निघाली. मी म्हटलं, सुटलो. कसलं काय! बॉडीची मापं घेताना यांना उजव्या दाराची चौकट डावीपेक्षा सात मिलिमीटर मोठी सापडली. जुन्या अपघातात पत्रा ताणला असणार, असं यांनीच ठरवलं. चौकटीचा मागचा खांब कापला, सात मिलिमीटर पुढे घेतला, वेल्डिंग केलं, घासलं. जोड असा, की हात फिरवला तरी लागत नव्हता. मग बॉडी चासीवर चढवली. डावं दार बसलं. उजवं दार काही केल्या चौकटीत जाईना.

पुढचे चार महिने कसे गेले ते माझं मला माहीत. बॉडी उतरव, चासी मोज, बॉडी चढव. पाच वेळा! शेडातल्या फरशीवर एवढ्या फुल्या झाल्या की झाडू मारायची चोरी. अप्पाराव दर आठवड्याला यायचे, आणि हे त्यांना सांगायचे, “चासीत कुठंतरी फरक हाय साहेब, शोधून राह्यलो.” शेवटी अप्पाराव वैतागले. “रविवारी पुण्याचा एक कारागीर घेऊन येतो. दार लागलं तर ठीक, न्हाईतर गाडी त्याच्या ट्रकमधी चढवायची.” त्या दिवसापासून यांचं जेवण अर्ध्यावर आलं.

गुरुवारी दुपारी हे वेल्डिंगचा गॅस आणायला गेले होते. ते उजवं दार माझ्या मशीनशेजारच्या भिंतीला टेकून उभं होतं, येता-जाता साडीला लागायचं. मला इतका संताप आला की गळ्यातला शिलाईचा टेप काढला आणि लावला त्याला. दोन्ही खांदे सारखे असलेली बाई मला अजून भेटलेली नाही. मी नेहमी दोन्हीकडून मोजते. दार भरलं ब्याऐंशी सेंटिमीटर. मग बाहेर जाऊन गाडीवरचं डावं दार मोजलं. एक्क्याऐंशी पूर्णांक तीन, म्हणजे बरोबर सात मिलिमीटर कमी. तीनदा मोजलं.

चार महिने चासी मोजली, पण दारं यांनी एकदाही शेजारी ठेवून मोजली नव्हती! वहीत डाव्याचं माप लिहून उजव्यापुढे ‘तेच’ असं लिहिलेलं. ट्रॉलीचे दोन पत्रे हे एकावर एक ठेवून एकदमच कापतात. जोडीतलं एक मोठं, एक लहान असू शकतं, हे यांच्या डोक्यात येणार कुठून? पण ही गाडी कुणीतरी हाताने बनवलेली. त्याने उजवी चौकट जरा मोठी केली, आणि दारही तिच्याच मापाचं केलं. चौकट बरोबर होती. ती आमच्या साहेबांनी कापली.

हे आल्यावर मी सांगितलं. यांनी स्टीलचा टेप लावला, पाहिलं, आणि गॅसच्या टाकीवर मटकन बसले.

“सातच मिलिमीटर हाय न्हं?” मी म्हणाले. “लावा ग्राइंडर, कापा दार. रविवारी लागलं म्हंजी झालं. कुणाला काय कळतंय?”

“दाराला हात लावायचा न्हाई,” एवढंच म्हणाले आणि उठून गेले. मी कपाळावर हात मारला.

रविवारी अप्पाराव पुण्याच्या कारागिराला घेऊन आले. मागे रिकामा ट्रक. त्या माणसाने तासभर गाडी तपासली. बॅटरीच्या उजेडात पाहिलं, खांबावर वरून खाली बोटं फिरवली. मग म्हणाला, “बॉडी उत्तम आहे. चौकट मूळचीच आहे. दार दुसऱ्या गाडीचं दिसतंय. एका दिवसात कापून बसवतो.”

यांनी नुसती मान हलवायची होती. बोलणंसुद्धा नको. मी दारातून डोळ्यांनी खुणावत होते.

“दार हिचंच हाय,” हे म्हणाले. “चौकट मी कापली. इथं.” आणि खांबावर बोट ठेवलं. “गाडी बराबर होती साहेब. मी चुकलो.”

पुण्याच्या माणसाने खांबावर पुन्हा बॅटरीचा उजेड टाकला. बराच वेळ पाहत राहिला. “मला जोड दिसत नाही,” तो म्हणाला.

अप्पारावांचा चेहरा लाल झाला. “चार महिने मला चासी वाकडी म्हणून सांगत होतास तू!”

“व्हय.”

“आन् आज गप बसला असतास तर मला जन्मात कळलं नसतं.”

“मला कळलंच व्हतं न्हं.”

अप्पाराव गाडीभोवती एक फेरी मारून आले. ट्रकवाल्याने हॉर्न दिला. “पहिल्यासारखी करायला किती दिवस?” त्यांनी विचारलं. “महिना,” हे म्हणाले. अप्पारावांनी ट्रकवाल्याला परत जायची खूण केली, पुण्याच्या माणसाला आपल्या गाडीत बसवलं आणि मला म्हणाले, “वहिनी, एकतिसाव्या दिवशी मी ट्रक घेऊनच येईन.”

म्हणजे आणखी महिनाभर ती बया आमच्या शेडात. सगळे गेल्यावर मी फुटलेच. “बावीस वर्षांत मला कधी चुकलो म्हणलं न्हाई तुम्ही! आन् आज त्या परक्या माणसापुढं?”

हे नळावर हात धूत होते. “तू दार काप म्हणली होतीस,” ते म्हणाले.

“मंग?”

“मंग काही न्हाई.”

तोंडावर आलेलं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, आणि माझी नजर त्या दारावर गेली. सात मिलिमीटरचा आकडा यांच्या डोक्यात होता, पण त्या बाजूला मूळ मापाचं, मूळ आकाराचं उरलेलं ते दारच एक होतं. ते कापलं असतं, तर चौकट नेमकी कुठून कुठवर, कशी होती हे पुन्हा कुणालाही सापडलं नसतं. यांनासुद्धा नाही.

“चुकलं माझं,” मी म्हणाले.

नळ तसाच वाहत ठेवून यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला कळलं, बावीस वर्षांत हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं होतं.