फोनवर फक्त इंग्रजी

आमचे हे परदेशात गेले आणि बजाजनगरच्या खोलीत मी एकटी राहिले. वाळूजच्या कंपनीत बारा वर्षं मशीन चालवल्यावर यांना तिकडं काम लागलं होतं. मला तिकडं जायचं तर आधी इंग्रजीच्या परीक्षेत ठरलेले गुण आणायचे, असा नियम. गुण आले तर व्हिसा, नाही तर हे तिकडं आणि मी इकडं. एवढं सरळ होतं.

परीक्षा मात्र सरळ नव्हती, कारण तिच्याबद्दल जो तो शहाणा. शेजारीण म्हणाली, तोंडी परीक्षेत साहेब हसला की पास समजायचं. माहेराहून, करमाडहून भाऊ फोन करून सांगायचा, गोऱ्यांसारखं तोंड वाकडं करून बोल, गावठी उच्चार ऐकला की गुण कापतात. त्यानं स्वतः विमानात कधी पायसुद्धा ठेवलेला नव्हता. कुणी म्हणे मोठमोठे शब्द टाक, कुणी म्हणे दुसऱ्यांदा बसलं की मुद्दाम कमी गुण देतात. अन् मी खुळी, सगळ्यांचं ऐकत गेले.

सगळ्यात जास्त ऐकलं ते क्लासच्या सरांचं. सर म्हणाले, घरात मराठी बंद करा, पूर्ण बंद, त्याशिवाय इंग्रजी येत नाही. वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. घरी येऊन कुलूप काढलं तेव्हा लक्षात आलं, की इथं मराठी बंद करायची तरी कुणाशी? सकाळी मी शिकवायचे त्या बालवाडीतली पोरं सोडली तर दिवसभरात मी कुणाशी बोलतच नव्हते. राहिला होता फक्त यांचा फोन.

तो रोज संध्याकाळी साडेपाचला यायचा, तिकडं तेव्हा दुपार, यांच्या जेवणाच्या सुट्टीत. अर्धा तास आम्ही काहीबाही बोलायचो. नळाला पाणी किती वेळ आलं, यांनी कुठली भाजी केली अन् ती कशी करपली, घरमालकाची सून परत माहेरी गेली का. मी फर्मान काढलं की आजपासून फोनवर फक्त इंग्रजी, मराठीत बोललात तर फोन ठेवून देईन. हे हसले आणि बरं म्हणाले. माझ्यापुढं यांचं कधी काही चाललेलं नाही.

मग फोन असा व्हायला लागला: कशी आहेस, मी बरी आहे, तुम्ही कसे आहात, मीही बरा आहे, जेवलीस का, हो, इथं थंडी आहे, अच्छा. आम्हा दोघांचं इंग्रजी तेवढ्यातच संपायचं. अर्ध्या तासाची चार मिनिटं झाली. इंग्रजीत ‘अहो’ म्हणायची सोयच नाही, म्हणून मी नवऱ्याला हॅलो म्हणायचे, दुकानदाराला म्हणावं तसं. फोन ठेवून मी चटईवर बसून राहायचे, कुकर लावायचंही सुचायचं नाही. लई एकटं वाटायचं. खरं सांगते, फोन येण्याआधी वाटायचं त्यापेक्षा फोननंतर जास्त वाटायचं.

एकदा यांनी मराठीत सुरुवात केली. “ऐक ना, मला...”

“इंग्लिश, प्लीज,” मी म्हणाले.

हे ‘नथिंग’ म्हणाले, आज थंडी फार आहे म्हणाले, आणि ठेवला. मला वाटलं, वा, काय शिस्त लावली मी.

पहिल्या खेपेला मी दिवाळीवरचं उत्तर पाठ करून गेले होते, मोठ्या शब्दांसकट आणि वाकड्या तोंडानं. परीक्षक साहेबांनी ते मध्येच थांबवलं आणि विचारलं, यंदा तुमच्या घरी फराळाला कोण कोण असणार? एवढा साधा प्रश्न, पण तो पाठ केलेला नव्हता. साहेब मात्र छान हसले होते. बोलण्याचे गुण कमी पडले.

तीन महिन्यांनी पुन्हा जालना रोडवरच्या, ही परीक्षा व्हायची त्याच हॉटेलात बसले. या वेळी समोर एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी कार्ड दिलं: तुम्ही फोनवर नेहमी ज्याच्याशी बोलता, त्या माणसाबद्दल सांगा. तयारीला एक मिनिट, कागद-पेन्सिल. मी काहीच लिहिलं नाही. करमाडच्या उच्चारात, येतील त्या बारक्या शब्दांत सांगितलं, की तो माझा नवरा आहे. आधी तो मला भाजी करपल्याचं सांगायचा. आता तो बरा आहे म्हणतो, मीही बरी आहे म्हणते. तो खरंच बरा आहे का, ते मला माहीत नाही.

बाईंनी विचारलं, तुम्ही तुमच्या भाषेत का नाही बोलत? मी म्हटलं, या परीक्षेसाठी. त्यांनी मान खाली घातली. हसल्या तर मुळीच नाहीत, तेव्हा शेजारणीच्या हिशेबानं मी गेलेच होते.

पण गुण आले. पाहिजे तेवढे, वर थोडे जास्तच. निकाल मी मेसेज करून कळवला होता; साडेपाचला फोन वाजला आणि यांनी इंग्रजीत अभिनंदन केलं, फार आनंद झाला म्हणाले, पाठ केल्यासारखं.

“अहो,” मी म्हणाले.

बऱ्याच महिन्यांनी तो शब्द तोंडातून निघाला होता, माझाच मला आवाज ओळखू येईना. मी विचारलं, “त्या दिवशी तुम्ही ‘ऐक ना’ म्हणाला होतात. काय सांगायचं होतं?”

“काय नाय,” हे म्हणाले. “सांगायचं काहीच नव्हतं. इथं माझ्याशी मराठीत बोलणारं तू एकटीच होतीस.”

मी विचारलं, आज डब्यात भाजी कुठली होती. सुट्टी संपून गेली तरी त्या दिवशी यांनी फोन ठेवला नाही.