बरोबरीचा दावा

जिल्हा अजिंक्यपद बुद्धिबळ स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत सटाण्याच्या मल्हारीने घड्याळ थांबवून हात वर केला, तेव्हा पंच कौसर त्याच्या टेबलाकडे गेली. त्याच्यासमोर ढुंढिराज सर बसले होते. तिला बुद्धिबळ शिकवलं ते सरांनीच, आणि आता ती मुलांना शिकवायची तेही गंगापूर रोडवरच्या त्यांच्याच क्लासमध्ये.

"मॅडम, बरोबरी द्या," मल्हारी म्हणाला. "सर जिंकायला खेळतच नाहीत. नुसतं माझं घड्याळ संपवताहेत."

या स्पर्धेत तशी मुभा होती. शेवटची दोन मिनिटं उरली, की खेळाडूला पंचाकडे असा दावा करता येई. पंच सांगेल ते शेवटचं. पुढे दाद मागायची सोय नाही. कौसरने पट पाहिला. सरांचं एक प्यादं जास्त होतं, पण मल्हारीचा राजा नेमका त्याच्या वाटेत ठाण मांडून बसलेला.

"मी प्याद्याने पुढे आहे, कौसर," सर हसले. "खेळू दे त्याला."

सरांना यंदा राज्य स्पर्धा गाठायची होती, आणि त्यासाठी हा डाव जिंकायलाच हवा होता. वय झालं होतं, पुन्हा जमेलच असं नव्हतं. दावा फेटाळला तर सगळा हॉल म्हणणार, गुरूला सांभाळलं. दुसऱ्या पंचावर ढकलावं, तर दुसरा पंचच नव्हता.

"खेळ चालू ठेवा. मी बघते. निर्णय नंतर देईन."

ती टेबलाशी उभी राहिली. सरांचा हत्ती कधी या रांगेत, कधी त्या. प्याद्याला हात नाही, स्वतःचा राजाही ते जागचा हलवत नव्हते. सर, एकदा तरी प्रयत्न करा, मला सोडवा, ती मनात विनवत राहिली. सरांची नजर घड्याळावर.

मल्हारीची वेळ संपली.

"जिंकलो," सर म्हणाले.

"नाही सर. डाव बरोबरीत."

"अगं, वेळ संपलीय त्याची!"

"दावा त्याआधीचा आहे. तुम्ही जिंकायचा प्रयत्नच केला नाहीत."

सरांनी निकालाच्या कागदावर सही केली. जाताना एवढंच म्हणाले, "उद्या क्लासला ये."

ती गेली. पूर्वी सर शिकवताना तिच्या शेजारी बसत. आता ते आतल्या खोलीचं दार लावून घेतात. सोडावं तर कृतघ्नपणा, थांबावं तर रोज ते बंद दार. कौसर अजून तिथेच शिकवते.