मुकादम परदेशी निघाला

फिटरकाकांच्या कुत्र्याचं नाव मुकादम, आणि ते उगीच पडलं नव्हतं. गल्लीत नवा माणूस शिरला, की हा आधी त्याच्या पिशवीची झडती घ्यायचा, मगच वाट सोडायचा. मुलगा परदेशी गेला तेव्हा "थोडे दिवस सांभाळा, बाबा," म्हणून याला ठेवून गेला. ते थोडे दिवस असे लांबले, की मधल्या काळात काकू गेल्या, कारखाना सुटला, आणि घरात बोलायला म्हणून मुकादमच उरला.

मग एकदा फोन आला. "बाबा, मुकादमला इकडे आणायचं ठरवलंय. पोरगी रडून जीव खाते. तेवढं कागदांचं तुम्ही बघा."

झालं! काका मनातले मांडे खायला लागले. मुकं जनावर एकटं कसं जाईल? सोबत कुणीतरी हवंच. दाढी घोटून त्यांनी स्वतःच्या पासपोर्टसाठी फोटो काढला.

शेजारच्या वहिनींनी विचारलं, "मुलानं बोलावलंय का तुम्हाला?"

"त्यात बोलवायचं काय? ओघानं आलंच."

वहिनी ओठ मुडपून कपडे झटकत राहिल्या.

जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले, तर चिपची सुई दाभणासारखी जाड. चिप कातडीखाली बसवली, की यंत्रावर कुत्र्याचा नंबर दिसतो. मुकादमनं काकांच्या काखेत तोंड खुपसलं आणि थरथरायला लागला. काका विरघळले. "आज नुसती रेबीजची लस द्या डॉक्टर, चिपचं पुढच्या खेपेला. एका दिवशी दोनदा कशाला भोसकायचं?" डॉक्टरांनी मान डोलावली. परदेशी निघालेलं कुत्रं त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलेलं.

पुढच्या खेपेला चिपही बसली, आणि कागद सरकारी कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी तारखांवर बोट ठेवलं. "चिप लसीनंतरची आहे. लस याच कुत्र्याला टोचली, हे कशावरून?"

"अहो, मीच धरला होता मांडीवर!"

"तुमची मांडी कागदावर नाही, काका."

 जन्मभर काकांनी कारखान्यात नव्या पोरांना हेच तर दरडावलं होतं, आधी घडवलेल्या जॉबवर नंबर ठोका, मग तपासणीला पाठवा. आणि स्वतःच्या घरचा जॉब बिननंबरी तपासून बसले! लस पुन्हा टोचायची, पुन्हा थांबायचं.

मुलगा फोनवर भडकला. "काढलेलं तिकीट वाया गेलं त्याचं! एक काम धड होत नाही का तुमच्यानं?"

"आणि माझं?"

"तुमचं काय?"

"तिकीट."

 मुलाचा आवाज एकदम मऊ झाला. तो मऊपणाच काकांना जास्त लागला. "बाबा, तो मालासारखा येणार, पिंजऱ्यातून. सोबत कुणी लागत नाही. तुमचं बघू ना पुढे. घर लहान आहे इथलं, आणि तुमच्या वयाला विमा किती महाग पडतो!"

वहिनी म्हणाल्या, "मालक म्हणून सही तुमचीच लागते ना? करूच नका. बसू दे बोंबलत."

"पोर रडतंय तिकडे, वहिनी. तिनं काय केलंय?"

या खेपेला काकांनी कुठे चूक ठेवली नाही. पिंजरा आणला, स्वतः फरशीवर बसून आत हात घातला आणि मुकादमला तिथे झोपायची सवय लावली. निघायच्या आधी डॉक्टरांनी डोळे, दात, छाती सगळं पाहिलं. "ठणठणीत आहे. प्रवासाला हरकत नाही."

"माझीही छाती बघा की," काका म्हणाले. डॉक्टर खो खो हसले. काकांनी सही केली.

पुढच्या आठवड्यात रोज फोन. इतकी वर्षं मुलाला महिना महिना सवड व्हायची नाही, आता दिवसातून दोनदा! "बाबा, तो खातच नाहीये. महागातलं खाणं आणलं, हुंगून बाजूला होतो. काय देत होतात तुम्ही?"

"दूधभात."

"बस? एवढंच?"

"कालवून, हातानं भरवायचा. आणि तो खाईपर्यंत जवळ बसून जरा बोलायचं."

"काय बोलायचं?"

"काहीही. दिवस कसा गेला वगैरे."

मुलगा वैतागून हसला. "बाबा, इथे एवढा वेळ कुणाला आहे?"