दोन गावांच्या याद्यांत नसलेली वाडी

“थंयच्या यादीत आमची नावां नाय, हंयच्याव यादीत नाय. मगे आमी आसंव खंय, भाऊसाहेब?”

माझ्या टेबलासमोर उभी राहून सगुणाबाई विचारत होती. सन साठ-एकसष्टचा सुमार. मी मालवण तालुक्यात महसूल खात्यात कारकून होतो आणि निवडणुकीचं टेबल माझ्याकडे होतं. कच्च्या याद्या चावडीवर लागल्या होत्या. कच्ची यादी म्हणजे लोकांनी बघून चुका सांगाव्यात म्हणून लावलेली यादी. नाव राहिलं असेल तर ‘दावा’ करायचा, चुकीचं असेल तर ‘हरकत’ घ्यायची. दाव्यांच्या मुदतीचे पाच दिवस उरले होते.

सगुणाबाईची वाडी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांची. आचऱ्याच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर त्यांची घरं होती. आदल्या पावसाळ्यात समुद्रानं दांडाच कापला. माणसं खाडी ओलांडून पलीकडच्या गावात सरकारी पडीक जागेवर नारळाच्या झापांच्या खोपी घालून राहिली. दोन्ही गावांची नावं मी सांगत नाही.

मी दोन्ही तलाठ्यांना बोलावून घेतलं. जुन्या गावचा म्हणाला, माणसं गेली म्हणून नावं काढली. बरोबर होतं. एक जानेवारीला माणूस जिथं नेहमी राहतो तिथंच त्याचं नाव, असा नियम. नव्या गावचा म्हणाला, खोपींना घरनंबर नाही, मग लिहू कुठं? त्याच्या परीनं तोही बरोबर. दोन बरोबर माणसांच्या मधून एकतीस मतदार गळून गेले होते.

सगुणाबाईला मताचं एवढं का, तेही तिनं सांगितलं होतं. नव्या जागी गोडं पाणी नव्हतं. विहीर मागायला गेलं की गावकरी म्हणत, तुम्ही आमच्या यादीत नाही.

मी फाईल घेऊन मामलेदारांकडे गेलो. आम्ही त्यांना रावसाहेब म्हणत असू. यादीचा निकाल त्यांच्या सहीनं व्हायचा. माणूस वाईट नव्हता, जपून वागणारा होता.

“जागा सरकारी आहे,” ते म्हणाले. “आज यादीत नावं घातली, की उद्या हाच कागद दाखवून जागा मागतील.”

मी कायद्याचं पुस्तक उघडून पुढे ठेवलं. नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही, असं त्यात साफ लिहिलं होतं.

“हे घर असणाऱ्यांबद्दल आहे,” रावसाहेब म्हणाले.

“मालकीनं राहणं ठरत नसेल रावसाहेब, तर मालकी नसल्यानं ते बुडेल कसं?”

त्यांनी ते कलम दोनदा वाचलं. मग म्हणाले, “ठीक आहे. पण एक जानेवारीच्या आधीपासून राहतात याचा पुरावा आणा. प्रत्येकाचा. तोंडी चालणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तरीतून, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीतून, खाडी उतरलो. खोपीखोपीत जाऊन एकतीस अर्ज भरले, होते त्यांचे अंगठे घेतले. चौघेजण मासेमारीला वेंगुर्ल्याकडे गेले होते. परवा येणार होते, त्यांचे अंगठे तेव्हा घ्यायचे ठरले. कामासाठी तात्पुरतं बाहेर गेल्यानं राहण्याची जागा बदलत नाही, हे मी त्यांच्या बायकांना दोनदा समजावलं. मग नव्या गावच्या शाळेत गेलो. मास्तरांनी हजेरीपट काढला. वाडीतली मुलं दिवाळीनंतर लगेच नाव घालून बसली होती, बापाचं नाव आणि वाडीसकट. एकेका कुटुंबावर मी खूण करत गेलो. तीस माणसांचं जमलं.

राहिली सगुणाबाई. तिला मूलबाळ नव्हतं. शाळेत नाव नाही, पत्र येत नाही, कुठं काही लिहिलेलं नाही. सगळ्यांसाठी कचेरीत आलेली तीच, आणि तिचाच कागद रिकामा. मला रात्रभर ते लागून राहिलं.

नव्या गावच्या चावडीवर सुनावणीला सगळी वाडी आली. रावसाहेबांनी तीस दावे मंजूर केले. मग सगुणाबाईला पुढे बोलावलं आणि पुरावा विचारला. मी खाली बघत उभा होतो.

ती म्हणाली, “माझो घोव कार्तिकात ह्याच वाडीत वारलो. पोलीस पाटलान वहीत लिवन घेतल्यान. तो हंय मेलो, तर मगे मी हंयच रवतंय मां?”

नवरा गेल्याचं ती मला बोललीच नव्हती. मीही विचारलं नव्हतं. मी मुलांची चौकशी केली, पत्रांची केली.

रावसाहेबांनी शिपाई पाठवून पोलीस पाटलाला जन्ममृत्यूच्या वहीसकट बोलावून घेतलं. नोंद होती. नाव, वय, ताप, आणि मुक्कामाच्या रकान्यात नवी वाडी. त्यांनी ती वही स्वतः मिटली, पाटलाच्या हातात दिली आणि दाव्यावर सही केली. जाताना सगुणाबाईला म्हणाले, “बाई, विहिरीचा अर्जही माझ्याकडेच द्या.”

मतदानाच्या दिवशी वाडी पहिल्या दोन तासांत मत देऊन मोकळी झाली. विहीर व्हायला आणखी दोन उन्हाळे गेले.

पुढे माझ्या हाताखाली नवे कारकून आले, त्यांना मी एवढंच सांगत असे: दोन गावांचे कागद बरोबर असूनही माणूस सापडत नसेल, तर टपालानं चौकशी करू नका. तरीत बसा आणि तिथं जा. आणि गेल्यावर घरात कोण आहे ते विचारता, तसं कोण होतं तेही विचारा.