विटाळ नसलेल्या बायका

आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग असलेल्या बाईला विटाळ नाही, हे वडिलांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. माहेरी अणदूरला महिन्याच्या चारही दिवसांत मी लिंगपूजा करायची, चुलीपाशी जायची. शेजारच्या पोरी कोपऱ्यात घोंगडीवर बसलेल्या दिसल्या की मला आपल्या धर्माचा फार तोरा वाटायचा.

लग्न होऊन मुरुमला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. त्या श्रावणात मठात जेवणावळ होती आणि आम्ही पंधरा-वीस बायका पोळ्या लाटायला बसलो होतो. शेजारी सासूबाई. मठाचा कारभारी दारात येऊन म्हणाला, "कुणाला अडचण असंल तर उठावं."

मी भाबडी. म्हणाले, "मला हाय. पण आपल्यात विटाळ कुठं असतो?"

कारभारी आत स्वामींना विचारायला गेला. विटाळ नाही हा उपदेश मी याच स्वामींच्या तोंडूनही ऐकला होता. आतून त्यांचा आवाज आला, "पोरीचं बरोबर हाय. पण गावात बोभाटा नको. उठू द्या तिला."

मी उठले. सासूबाई मान खाली घालून लाटत राहिल्या.

घरी येऊन लिंग काढलं आणि कोनाड्यात ठेवलं. आमच्यात हे जिवंतपणी मेल्यासारखंच. लिंग नसलेलीच्या हातचं कुणी खात नाही, तिला पंगतीत जागा नाही. रागाच्या भरात म्हटलं, गेली ती पंगत उडत. पण सकाळी पूजेच्या वेळी हात रिकामे राहायचे आणि मला रडू यायचं.

सासूबाईंनी कुणाला कळू दिलं नाही. माझ्या हातची भाकरी गुमान खायच्या. काही दिवसांनी पाहिलं तर त्या पूजेला बसलेल्या, आणि तळहातावर माझं लिंग. रोज आधी स्वतःच्या लिंगाची पूजा, मग माझ्या. नंतर दोन्ही लिंगं त्या स्वतःच्याच गळ्यात घालायच्या.

मी विचारलं, "आत्याबाई, तुम्ही त्या दिवशी बोलला का न्हाय?"

"काय बोलू? मला बी अडचण होती. पल्याडच्या दोघींना बी. आमी कोण सांगत न्हाय आन कोण उठत न्हाय. तूच सांगत बसलीस."

हसावं की भांडावं कळेना. भांडलेच. म्हटलं, तुम्ही चोरून बसता म्हणून मला उघड उठावं लागलं.

पुढच्या जेवणावळीला त्यांनी मला हाताला धरून नेलं. गळा रिकामा, म्हणून मी उंबऱ्याबाहेरच थांबले. कारभाऱ्यानं तेच विचारलं. सासूबाई लाटता लाटता म्हणाल्या, "मला हाय." त्यांना त्या दिवशी अडचण नव्हती, हे मला ठाऊक होतं. मग पलीकडची म्हणाली, "मला बी." मग तिसरी. कारभारी आत गेला तो बऱ्याच वेळानं परतला आणि खाली बघत म्हणाला, "पोळ्या होऊ द्या."

सासूबाईंनी सरकून जागा केली, मला आत बोलावलं. माझं लिंग गळ्यातून काढून माझ्या हातात दिलं. मी ते घातलं आणि बसले. स्वामींवरचा विश्वास काही परत आला नाही. पण त्या ओळीत मी पुढं वर्षानुवर्षं बसले, चारही दिवसांत, आणि विचारायला कुणी दारात आलं नाही.