बकरीबाईंचा खांब

काळजी करण्याचा पगार मिळणारी माणसं जगात थोडी. बाकीचे सगळे ती फुकटात करतात. बाई त्या थोड्यांपैकी एक होत्या. एका भल्यामोठ्या उघड्या खाणीत त्या वरिष्ठ अभियंता होत्या. खाण म्हणजे जमिनीत पायऱ्यापायऱ्यांनी खोदत नेलेला खड्डा. तळाशी शॉवेल, म्हणजे अजस्र यांत्रिक फावडं, दगड उचलणार, डंपर तो वाहून नेणार आणि या सगळ्यांच्या डोक्यावर उभ्या भिंती. त्या भिंती उभ्या राहतील ना, एवढंच बघायचं काम बाईंकडे होतं. भिंत उभी राहिली तर कुणी शाबासकी देत नाही, आणि पडली तर मग विचारायलाच नको.

हा स्वभाव नोकरीने दिला की स्वभावामुळे ही नोकरी मिळाली, हे देवच जाणे. लग्न ठरायच्या आधी होणाऱ्या नवऱ्याला त्या पहिल्यांदा भेटायला गेल्या, तेव्हा त्याच्याकडे बघायच्या आधी त्यांनी छताकडे बघितलं. "तिथे ओल धरलीय," असं म्हणाल्या आणि मग बसल्या. नवरा शाळेत मास्तर, स्वभावाने थंड. तो हा किस्सा अजून रंगवून सांगतो. "मी पसंत पडलो की नाही ते कळायला दोन दिवस लागले, पण छत नापसंत आहे ते लगेच कळलं!"

धाकटा दीर त्याच खाणीत शॉवेल चालवायचा. बाईंनीच शब्द टाकून त्याला चिकटवलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला बजावून सांगितलं, "घरी तुम्ही भावोजी आणि मी वहिनी. खाणीच्या फाटकातून आत आलं की मी मॅडम आणि तुम्ही शॉवेल तीन. नातं बाहेर ठेवून यायचं." त्याने मान डोलावली आणि नियम पाळलाही. चहाच्या टपरीवर समोरासमोर आले तरी "नमस्ते मॅडम" म्हणून बाजूला व्हायचा. सासूबाई मात्र ऊठसूट म्हणायच्या, "तो तुझ्या खाणीत आहे, म्हणून मी निर्धास्त आहे बाई." त्या निर्धास्त होत्या, म्हणून बाईंची झोप उडालेली होती.

भिंतींच्या माथ्यावर कडेकडेने लोखंडी खांब रोवलेले होते आणि प्रत्येक खांबावर आरशासारखं एक भिंग. समोरच्या काठावरचं यंत्र त्या भिंगांवर सतत किरण सोडायचं आणि खांब केसभर जरी सरकला तरी बाईंच्या टेबलावरच्या पडद्यावर रेषा वर चढायची. खांब सरकला म्हणजे त्याच्याखालची भिंत सरकली. हिशोब साधा होता.

त्या साध्या हिशोबानेच बाईंची फजिती केली. उन्हाळ्यात एकदा पूर्वेकडच्या खांबाची रेषा अशी काही उसळली की बाईंनी भोंगा वाजवून सगळी खाण रिकामी केली. माणसं धावत वर आली. मॅनेजर आले. मोठ्या साहेबांचे फोन आले. शेवटी सगळे जाऊन बघतात तर काय, एक बकरी त्या खांबाला पाठ घासत होती! डोळे मिटून, अगदी समाधानाने.

डोंगर पोखरून बकरी काढली, असं लोक म्हणू लागले. त्या दिवसापासून बाई बकरीबाई झाल्या. कॅन्टीनवरून जाताना मागून कुणीतरी हळूच "बेंऽऽ" करायचं. बाई हसून घ्यायच्या, पण घरी आल्यावर जेवताना घास तोंडातच फिरायचा. "अगं, हसू दे ना लोकांना," नवरा म्हणायचा. "हसण्याचं काही नाही हो," बाई म्हणायच्या, "पुढच्या वेळी मी ओरडले आणि कुणी उठलंच नाही तर?"  दीर मात्र मान खाली घालून, कान लाल करून जेवत असायचा.

बाईंनी खांबांना कुंपण घालायचा हुकूम काढला. काम झालं. कुंपण घालताना पूर्वेकडच्या खांबाला धक्का लागला, म्हणून मोजणी नव्याने सुरू केली, असा निरोप आला. सोबत कुंपणाचा फोटो आला. बाईंनी फोटो बघितला आणि ठीक आहे म्हणून कळवलं. खरं तर स्वतः वर जाऊन बघायला हवं होतं. पण वर जायचा रस्ता कॅन्टीनवरून जात होता.

तेव्हापासून पूर्वेकडची रेषा सरळ झाली. सगळे खूश. "मॅडम, आता कसं शांत वाटतंय," मॅनेजर म्हणाले. बाईंनाही काही दिवस शांत वाटलं.

मग पावसाची झड लागली. जमीन पाणी प्यायली. पडद्यावरच्या बाकीच्या सगळ्या रेषा थोड्याथोड्या वर चढल्या, ओल्या जमिनीत चढतातच. पूर्वेकडची तेवढी ढिम्म हलली नाही. पाऊस उघडला, ऊन पडलं, तरी ती तशीच. बाई सकाळपासून त्या रेषेकडे बघत बसल्या होत्या. समोरचा चहा गार झाला. सगळे हलतात आणि हा एकटाच कसा शहाणा? जी भिंत सगळ्यात जास्त वाकडी, तिचाच खांब सगळ्यात गुणी?  त्यांनी हेल्मेट उचललं आणि गाडी काढायला सांगितली. कॅन्टीनवरून जाताना कुणी बेंऽऽ केलं की नाही, हे त्यांना ऐकूही आलं नाही.

माथ्यावर कुंपण छान होतं. आत खांबही छान होता, सिमेंटमध्ये घट्ट बसवलेला, पक्क्या दगडावर. फक्त तो काठाजवळ नव्हता. दहाएक पावलं मागे आला होता. आणि त्याच्या आणि काठाच्या मधे, गवताखालून, एक भेग गेली होती. भेगेवर गवताची मुळं ताणून धरल्यासारखी दिसत होती. बाईंनी एक खडा आत टाकला. तो तळाला लागल्याचा आवाज आलाच नाही.

म्हणजे भिंत सरकत होती आणि खांब भेगेच्या या बाजूला आरामात उभा राहून सगळं ठीक आहे म्हणून सांगत होता.

कुंपणाच्या तारेला हात लागला आणि बाई आणखी गार पडल्या. तारेचं टोक दुमडून आत खोचलेलं होतं. घरी अंगणातल्या कपड्यांच्या तारेला अशीच गाठ होती. सासूबाईंच्या हाताला तार लागू नये म्हणून टोक आत खोचायची सवय एकाच माणसाची होती. आणि तो माणूस या क्षणी याच भिंतीच्या पायथ्याशी शॉवेल चालवत होता.

 त्यांनी वॉकी-टॉकी तोंडाशी धरला. "पूर्वेच्या भिंतीखालचे सगळे ताबडतोब बाहेर. डंपर, शॉवेल, सगळे."

 मग कुठूनतरी बारीक आवाज आला, "बेंऽऽ." कुणीतरी खुदकन हसलं. डंपर रेंगाळत वळू लागले.

"शॉवेल तीन, निघालात का?"

"निघतो मॅडम. एवढा डंपर भरून देतो आणि निघतो."

बाईंना वरून ते पिवळं यंत्र दिसत होतं. केवढंसं दिसत होतं. सासूबाईंचा निर्धास्त चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्यांचा सगळा धीर सुटला. "भावोजी!" त्या ओरडल्या. "यंत्र आहे तिथे सोडा आणि पळा. मी वहिनी सांगतेय तुम्हाला. पळा!"

सगळ्या खाणीने ते ऐकलं. त्यानंतर कुणी हसलं नाही. शॉवेलचा हात हवेत तसाच थांबला आणि त्यातून उतरलेला एक माणूस रस्त्याकडे पळत सुटला. त्याच्या मागून डंपरही भरधाव निघाले.

मग सुरू झालं वाट बघणं. सगळे समोरच्या काठावर जमले. ऊन चढलं, उतरायला लागलं. भिंत होती तशीच उभी. लोक एकमेकांकडे आणि मग बाईंकडे बघू लागले. बाईंच्या ध्यानात आलं की आपण भिंत पडावी म्हणून देव पाण्यात घालून बसलोय. ज्या बाईने जन्मभर भिंती उभ्या राहाव्यात म्हणून जिवाचं रान केलं, तिच्या मनात हे यावं! त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

मॅनेजर रेषा दाखवणारा हातातला छोटा पडदा घेऊन आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या फोनला उसंत नव्हती. "मॅडम, हे बघा. तुमचंच यंत्र सांगतंय, भिंत हललेली नाही. निदान ते शॉवेल तरी बाहेर काढू. नवं कोरं आहे. एकच माणूस पाठवतो."

"मी आणतो, साहेब," दीर म्हणाला. "मीच तिथे सोडून आलोय. जाऊन येतो." त्याने गाडीच्या पायरीवर पाय ठेवलासुद्धा.

"कुणीही जायचं नाही," बाई आडव्या आल्या. "त्या रेषेवर विश्वास ठेवू नका. खांब जागेवर नाही. भेगेच्या अलीकडे आलाय, पक्क्या दगडावर. त्याची रेषा सरळच राहणार."

"जागेवर नाही? मग कुणी हलवला?" मॅनेजरांचा आवाज चढला. "आता बकरीने हलवला म्हणू नका."

मागे हशा पिकला.  बाईंनी दिराचं नाव घ्यावं तर त्याची नोकरी जाते, कदाचित त्याहून वाईटही काही होईल. न घ्यावं तर त्याचा पाय गाडीच्या पायरीवर आहे. इकडे आड तिकडे विहीर. त्यांनी मुद्दाम त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात दिराने पायरीवरचा पाय खाली घेतला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला आत्ता कळलं होतं.

"मी हलवला, साहेब," तो म्हणाला. "कुंपणाला माणसं कमी होती म्हणून मी गेलो होतो. काठावर बकऱ्या येतात, तिथली माती भुसभुशीत. म्हटलं मागे दगडावर घट्ट बसवू, म्हणजे परत कधी हलणार नाही. परत कुणी यांना..." तो अडखळला. "मला काय माहीत, खांब हलायलाच लावलेला असतो!"

 मघाशी हसलेल्यांतला एक डंपरवाला बुटाने माती उकरत राहिला. मॅनेजरांनी पडदा बंद केला. "तुझं काय करायचं ते नंतर बघतो," ते पुटपुटले, "शॉवेल राहू दे तिथेच." आणि ते फोन घेऊन बाजूला गेले.

दीर येऊन बाईंच्या मागे उभा राहिला. अगदी जवळ नाही, अगदी लांबही नाही. त्यांना त्याच्यावर भडकायचं होतं. त्याला जवळ घेऊन रडायचंही होतं. फोटो बघून ठीक आहे म्हणणारी मीच ना, असंही मन खात होतं. यातलं काहीच न करता त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

सावल्या लांबल्या तेव्हा आधी बारीक खडे घरंगळले. कुणीतरी पोत्यातून धान्य ओतावं तसा आवाज आला. मग माथ्यावरचं गवत एका रेषेत खाली बसलं आणि पूर्वेची भिंत सगळीच्या सगळी खाली आली. पायाखालची जमीन हादरली. पिवळ्या यंत्राचा उचललेला हात धुळीत एकदा दिसला आणि परत दिसला नाही.

धूळ उडत असतानाच नियंत्रण कक्षातून घाईघाईने हजेरी सुरू झाली. वॉकी-टॉकीवर एकेक आवाज येऊ लागला. डंपर एक, हजर. डंपर दोन, हजर. पाण्याचा टँकर, हजर.

"शॉवेल तीन?"

कुणी उत्तर दिलं नाही.

"शॉवेल तीन! शॉवेल तीन, बोला!"

तो मागेच उभा आहे, हे बाईंना पक्कं माहीत होतं. त्याचा वॉकी-टॉकी यंत्रात राहिलाय, हेही माहीत होतं. तरी मागे वळून बघायची हिंमत होईना.

"हजर आहे, वहिनी," मागून आवाज आला.

बाईंनी वॉकी-टॉकी तोंडाशी नेला. "शॉवेल तीन हजर," त्यांनी कळवलं. मॅडम म्हणा, असं त्या त्याला म्हणाल्या नाहीत.