रव्याएवढी खडी

चाळणी हलवल्याचा आवाज मला सहन होत नाही. घरात बायको पीठ चाळायला बसली की मी चप्पल घालून खाली उतरतो आणि कोपर स्टेशनपर्यंत उगाच चालून येतो. पूर्वी ती चिडायची. आता मी घरी नसतानाच ती चाळून घेते.

याचं मूळ दादाच्या आगगाडीत आहे. माझा हा थोरला भाऊ ठाकुर्लीला राहायचा. आतल्या खोलीत त्याने प्लायवुडवर ठाकुर्ली ते कल्याण असा रूळमार्ग मांडला होता आणि त्यावर बोटभर उंचीचे डबे पळवायचा. गाड्या विकत मिळतात, पण रुळांमधली खडी आपली आपणच करावी, असं त्याचं ठाम मत. खरी खडी मुठीएवढी असते. ती गाडीच्या मापाने लहान केली की रव्याएवढी होते. त्याहून मोठा एक कण राहिला तरी गाडी खेळण्यातली दिसते म्हणे. म्हणून दर रविवारी आम्ही दोघं बांधकामावरून आणलेली कच, म्हणजे दगडाचा चुरा, धुऊन वाळवून चाळत बसायचो. आधी रव्याच्या चाळणीतून, मग वहिनीच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून. चाळणीवर उरलेले खडे प्लायवुडवरच्या उल्हास नदीच्या काठाला, कापडावर उरलेली खडी रुळांना आणि कापडातून उतरलेली भुकटी फलाटाला. लोक तांदळातले खडे निवडतात, आपण खड्यांतून खडे निवडतो, असं मी म्हणायचो. दादाला विनोदाचं वावडंच. "बडबड कमी कर रे. हा बघ, केवढा धोंडा सोडलास," म्हणत तो चिमटीतला कण माझ्या नाकासमोर धरायचा. अगदी डोक्यात जायचा. पण रविवार चुकवावा असं मला कधी वाटलं नाही.

दादा झोपेतच गेला. तिसऱ्या दिवशी राख सावडायला आम्ही चार-पाच पुरुष निघालो. वहिनीलाही यायचं होतं. बायकांनी जायचं नसतं, असं वडीलधाऱ्यांनी सांगितलं आणि ती मुकाट्याने आत गेली.

तिथे दूध-पाणी शिंपडून झालं, मी उकिडवा बसलो आणि अस्थी वेचायला लागलो. थोड्या वेळाने गुरुजी म्हणाले, "अहो, हे काय करताय?"

मी खाली पाहिलं. माझ्यासमोर तीन ढीग होते. मोठे तुकडे, मधले आणि अगदी बारीक. माझ्या हातांनी रविवार असल्यासारखं काम केलं होतं.

"असं वेगवेगळं करायचं नसतं. सगळं एकाच मडक्यात जातं," गुरुजी म्हणाले. मी तिन्ही ढीग ओंजळीने मडक्यात भरले. चुलतभावाने दंड धरून मला उठवलं.

तेव्हापासून चाळणीची ती सळसळ मला रिक्षात, ऑफिसात, कुठेही ऐकू येते. चिमटीत साखर आली, मीठ आलं, की बोटं आपली मापं घ्यायला लागतात. मला माझ्याच हातांची भीती वाटते, हे सरळ सांगून टाकतो.

त्यामुळे वहिनीचे फोन आले की मी टाळाटाळ करायचो. दादाच्या रुळांचा कल्याणच्या अलीकडचा हातभर तुकडा खडीविना उघडा राहिला होता. तिची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती, घर रिकामं करायचं होतं, आणि त्याआधी तेवढा तुकडा मी पुरा करावा, एवढंच तिचं मागणं होतं. "भावजी, तुमच्याशिवाय कोणाला येतंय ते?" मी सर्दी, पाहुणे, ऑडिट, सगळी कारणं वापरून संपवली. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, जाऊन या. त्या काय तुमचा जीव मागतायत?"

दुपारी गेलो. वहिनीने ताटात न चाळलेली कच घेऊन शेजारी चाळणी ठेवली होती. मी चाळणी उचलली, एकदा हलवली आणि खाली ठेवली. "वहिनी, मला नाही जमणार," म्हणालो. का, ते सांगायचा विचार नव्हता. पण सांगून बसलो, तीन ढिगांसकट सगळं. वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार.

ती समोर मांडी घालून बसली.

"मला कोणी काही सांगितलंच नाही हो. तुम्ही सगळे आलात, आंघोळी केल्यात, चहा घेतलात. विचारलं तर म्हणे, सगळं नीट पार पडलं. एवढी वर्षं संसार केला, आणि शेवटी माणूस केवढा उरला ते मला ठाऊक नाही."

तिने ताट माझ्याकडे सरकवलं.

"दाखवा."

"काय?"

"केवढे होते ते. तुम्ही निवडलेत ना?"

मी ताट चिवडायला लागलो. बोटं चुकत नव्हती. पेराएवढा एक खडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. मग एक मधला. मग चिमूटभर बारीक. "असे थोडे. असे पुष्कळ. आणि हे असे."

तिने ते एकेक करून बोटाने चाचपले.

"गरम होते?"

"कोमट होते, वहिनी. अजून कोमट होते."

तिने मूठ मिटली, वरून दुसरा हात ठेवला, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदाच मी तिला मोठ्याने रडताना ऐकलं.